गळ्याबाहेरून मोजलेले आयोडीन



मघाशी बक्षिसे वाटताना गणिताच्या बक्षिसाला टाळ्या जरा कमी पडल्या. म्हणून आज गणितावरच बोलतो.

नागझिऱ्याचे जंगल तुमच्या दाराशी आहे. तिथे वाघ दर वेळी समोर येत नाही, तरी कॅमेऱ्यात उमटलेल्या पट्ट्यांवरून त्याची मोजदाद होतेच. थायरॉइडचेही तसेच. गळ्यातली ही १५-२० ग्रॅमची ग्रंथी रक्तातले आयोडीन खेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

ग्रंथी किती आयोडीन घेते, हे गळा न कापता कळणार कसे? मुंबईत परळला १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तिथे हे मोजण्याच्या तपासणीत रुग्णाला आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनची अगदी थोडी मात्रा देतात. साधे कोणते आणि किरणोत्सारी कोणते, हे ग्रंथीला ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर यंत्र लावून किरणांच्या नोंदी मोजतात.

आता हिशेब करा. समजा, तेवढीच मात्रा प्लास्टिकच्या नकली गळ्यात ठेवून काल मिनिटाला १०,००० नोंदी आल्या. हे आयोडीन ८ दिवसांत निम्मे होते, म्हणून आज त्या ९,२०० च्या आसपास. रुग्णाच्या गळ्यासमोर २,५०० आल्या. त्यात रक्तातल्या आयोडीनच्याही आहेत. मांडीजवळ मोजून त्या २०० धरल्या आणि वजा केल्या. उरल्या २,३००. भागिले ९,२००, म्हणजे २५ टक्के. कालच्या १०,००० ने भागणारा २३ सांगेल, आणि चुकेल.

आहारात आयोडीन कमी पडले की हा आकडा चढतो. उपाशी ग्रंथी जास्त खेचू लागते, हळूहळू फुगते, तोच गलगंड. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला २५०. घरी येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावे, असा नियम आहे. पण मीठ उघडे, ओलसर राहिले की त्यातले आयोडीन घटते.

म्हणून शाळेकडे एक मागणे आहे. गावच्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंकडे मीठ तपासायचे किट असेल, तर प्रत्येकाच्या घरचे चमचाभर मीठ मागवा. त्यावर किटमधला थेंब टाका, जांभळा रंग किती गडद आला ते लिहा. पाकिटातले की सुटे, डबा चुलीजवळ की लांब, हेही लिहा. तो तक्ता मला पाठवा. मी तुमच्याबरोबर बसून तो वाचायला पुन्हा तुमच्या गावी, चोरखमाऱ्याला येईन.