रुईच्या गाठी आणि दारूगोळा

दर्यापूरहून समुद्र फार लांब. तरी आपला कापूस पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्याच वाटेनं गेला. इथल्या बनोसा स्टेशनात ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीच्या डब्यात चढलेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत जात आणि पुढं मुंबईच्या गोदीकडं. म्हणून जहाजांचा विषय आपलाही आहे.

14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. त्यात सुमारे 1400 टन दारूगोळा आणि कराचीत भरलेल्या हजारो कापूसगाठी. दोन नंबरच्या खणात तर खाली कापूस आणि वर स्फोटकं! जिनात काम केलेल्या माणसाला हे ऐकूनच धडकी भरेल. गठाणीची आग वरून विझलेली दिसते, आत मात्र धुमसत राहते.

एरवी असा माल धक्क्याला लावू देत नसत. जहाज बाहेर नांगरून तो पडावांवर उतरवावा लागे. युद्धाच्या घाईत तो नियम सैल झाला. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी कापसातून धूर निघाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं त्याहून मोठा दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जण होते. आग लागणं एक वेळ अपघात म्हणू, पण कापसावर स्फोटकं रचणं हा माणसांनी घेतलेला निर्णय होता.

आज युद्धाची सबबही नाही. पण जहाजाचा मालक एका देशातला, खलाशी दुसऱ्या देशातले, बावटा तिसऱ्याच देशाचा; मग जबाबदार कोण? ‘रोसस’ या मोल्दोवाचा बावटा लावलेल्या जहाजानं 2013 मध्ये 2750 टन अमोनियम नायट्रेट बैरुतला आणलं. मालकानं हात वर केले. माल गोदामात पडून राहिला आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी त्याच्या स्फोटानं दोनशेवर जीव घेतले. आपल्याकडं खलाशांनी सोडलेलं ‘पवित’ जहाज 31 जुलै 2011 रोजी थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं, तोवर कुणालाच पत्ता नव्हता. कसाब आणि त्याचे साथीदार मुंबईवर हल्ला करायला समुद्रातूनच आले होते, त्या घटनेला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

आता गाठी कंटेनरमधून जातात. शेजारच्या कंटेनरात काय आहे, हे बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या कागदावरूनच ठरतं. खोट्या नोंदीच्या मालानं समुद्रात जहाजं पेटलेली आहेत. तो कागद तपासणारी माणसं बंदरात पुरेशी असावीत, ही मागणी कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडानंही करायला हवी.