रवाळ फोटो



'तुझ्या कामाबद्दल काहीतरी बोल' असं संयोजकांनी सांगितलंय. कोड वाचून दाखवला तर मागच्या बाकावरचे लगेच झोपतील, म्हणून आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोचंच सांगते.

फोटो १९९६ चा. निगेटिव्ह मिळाली नाही, घरातली प्रिंट स्कॅन केली. चेहरे शेंगदाण्याएवढे. आपली जी मैत्रीण आज आपल्यात नाही, तिच्या आईने विचारलं होतं, "तिचा तेवढा चेहरा मोठा करून देशील?"

मोठा केला तर सगळीकडे रवाच रवा. फिल्मवरचं चित्र मुळात कणांचंच असतं. मोबाइलच्या फोटोतला रवा वेगळा. तिथे प्रकाशच मोजूनमापून येत नाही. एका ठिपक्यावर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडत असतील तर १० चा, म्हणजे १० टक्के. अंधारातले फोटो रवाळ येतात ते म्हणून.

मी सॉफ्टवेअरने हा नॉइज काढून टाकला. काकू बघून म्हणाल्या, "स्वच्छ आलाय गं, पण आमची वाटत नाही." खरंच होतं. चेहरा मेणाचा झाला होता आणि भुवईवरची खोक गायब. खो-खो खेळताना खांबावर आपटली होती ना, तीच. (पी.टी.चे सर तिला दवाखान्यात घेऊन गेले होते.) नॉइज काढताना बहुतेक वेळा शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतात. त्या हिशेबाला रवा काय आणि खोक काय, दोन्ही बारीकच.

मग त्या गुळगुळीत चेहऱ्यावर मी थोडा कृत्रिम रवा भुरभुरवला. फोटो एकदम शार्प दिसायला लागला! नवा तपशील शून्य. पण बारीक चढउतार दिसले की डोळ्याला पोत असल्याचा भास होतो, आणि पोत दिसला की फोटो स्पष्ट वाटतो. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये तर याची सोयच आहे: मूळ रवा काढून टाकायचा, त्याचं वर्णन तेवढं पाठवायचं, आणि बघणाऱ्याच्या टीव्हीने तसाच नवा रवा घालायचा. अर्थात प्रमाण मिठासारखं. जास्त झाला की फोटो गेला.

खोक मात्र परत आली नाही. भुरभुरवलेल्या रव्यात ती कुठून येणार? एआयला सांगितलं असतं तर त्याने पापण्यासुद्धा काढून दिल्या असत्या, कुणाच्या तरी. ते माझ्याच्याने होईना. मूळ स्कॅन पुन्हा घेतला, नॉइज नावापुरता कमी केला आणि पोस्टकार्डाएवढीच प्रिंट काढली. हातभर अंतरावरून रवा एकमेकांत मिसळतो, खोक दिसते.

काकूंनी चष्मा लावला, भुवईपाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "टाके किती पडले होते गं, तीन की चार?"

मला आठवेना. सर, तुम्हाला आठवतंय?