इंजिनाचा उच्छ्वास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारीच्या इंजिनातला एक डबा हा विषय घेऊन कोणी उभा राहील, अशी आपली अपेक्षा नसेल. पण गॅरेजात ज्याला ‘कॅच कॅन’ म्हणतात, तो हा तेल अडवणारा डबा एक मोठा प्रश्न विचारतो : यंत्राने टाकलेली घाण जावी कोठे?

ती येते कोठून, हे आधी पाहू. सिलिंडरमध्ये इंधन पेटते आणि पिस्टन खाली रेटला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात. पण त्या कितीही चपखल बसवल्या तरी थोडा वायू फटीतून खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. नव्या कोऱ्या इंजिनातही तो निसटतो. त्यात धूर असतो, पाण्याची वाफ असते, थोडे न जळलेले पेट्रोल असते. आणि खाली घुसळल्या जाणाऱ्या गरम ऑइलचे तुषार त्यात मिसळतात. या वायूला वाट दिली नाही, तर आत दाब वाढून सीलांमधून ऑइल पाझरू लागते.

पूर्वी ही वाट अगदी सोपी होती. एक नळी रस्त्याकडे सोडलेली असे. इंजिनाने उच्छ्वास टाकावा आणि लोकांनी तो श्वासात घ्यावा! मोटारीच्या न जळलेल्या इंधनाचा सुमारे पाचवा हिस्सा या एका नळीतून हवेत जाई. लॉस एंजेलिसवर पसरणारे झोंबरे धुके अशाच वायूंवर ऊन पडून तयार होते, हे हेगन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. पुढे १९६० नंतर कॅलिफोर्नियाने नियमच केला, की हा वायू बाहेर न सोडता पुन्हा इंजिनात घेऊन जाळावा.

साध्या इंजिनात हे सहज साधते. आत हवा ओढली जाते, त्या ओढीनेच हा वायूही खेचला जातो. टर्बोने मात्र गुंतागुंत वाढवली. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तीच ही : बाहेर जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. हवा दाबून भरली जात असताना तेथे ओढ कसली? उलट दाब असतो. म्हणून जुन्या वाटेवरची एकदिश झडप मिटते आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. सिलिंडरमधला दाब वाढल्याने निसटणारा वायूही वाढतो.

आपल्या स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेने भिंतीवर चिकट थर बसतो ना? तसाच थर इंटरकूलरच्या आत बसतो आणि दाबलेली हवा नीट थंड होत नाही. ऑइलचा अंश पेट्रोलबरोबर जळू लागला, की ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. जेथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तेथे हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत; त्यांवर काजळीची पुटे चढतात.

आता आपला डबा. तो या नळीच्या वाटेवर बसवतात. अरुंद नळीतून रुंद डब्यात आल्यावर वायूचा वेग मंदावतो. आत आडव्या पट्ट्या किंवा जाळी असते. वायू वळण घेतो. जड थेंबांना ते वळण साधत नाही, ते आदळतात, एकमेकांना मिळतात आणि तळाशी ठिबकतात. खळ्यावरच्या उपणणीत भूस वाऱ्याबरोबर जाते आणि दाणे जवळच पडतात, तोच हा न्याय. शिवाय डबा गार जागी असला, तर झाकणावर वाफेचे पाणी व्हावे तसे वाफेचेही थेंब होतात. अतिसूक्ष्म तुषार मात्र निसटतातच. डबा सर्व काही अडवतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

शिवाय हा डबा म्हणजे औषध नव्हे. पुष्कळ इंजिनांत कारखान्यातूनच तेल वेगळे करण्याची सोय असते. झिजलेल्या रिंगा डब्याने बऱ्या होत नाहीत; पण डबा एकाएकी लवकर भरू लागला, तर झीज वाढल्याची शंका घ्यावी. तो वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत आतले पाणी गोठले, तर वाटच बुजते. साठलेले मिश्रण इंजिनात परत ओतू नये आणि गटारातही टाकू नये; वापरलेल्या ऑइलबरोबर ते जमा करावे.

काही हौशी मंडळी डब्याची दुसरी नळी इंजिनाला न जोडता, त्यावर लहानसा फिल्टर बसवून वायू उघड्यावर सोडतात. त्यांचे इंजिन आतून स्वच्छ राहते, हे खरे. पण ती तर पुन्हा जुनी, रस्त्याकडे सोडलेली नळीच झाली! आपले घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्याला आपण स्वच्छताप्रिय म्हणत नाही. डबा बसवायचाच असेल, तर दोन्ही नळ्या जोडून बसवावा आणि आपली घाण आपणच पदरात घेऊन निस्तरावी. यंत्राच्या बाबतीत जो शहाणपणा, तोच शहराच्या बाबतीतही.