इको, इसेट, एम्प्टी: ही फंक्शनं नव्हेत!

मी उंब्रजहून बोलतोय. आजचा विषय पीएचपीचा. काही शब्द दिसतात फंक्शनसारखे, पण असतात भाषेच्या व्याकरणाचाच भाग. इको, इसेट, एम्प्टी, अनसेट, इन्क्लूड ही त्यातली मंडळी.

फरक काय पडतो? साध्या फंक्शनला व्हेरिएबल दिलं की पीएचपी आधी त्याची किंमत काढतं, मग आत पाठवतं. व्हेरिएबलच नसेल तर तिथंच वॉर्निंग. इसेटचं तसं नाही. ते फक्त "आहे का?" एवढंच बघतं, म्हणून गप्प राहतं.

दुसरं म्हणजे, फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणून ॲरे फिल्टरला देता येतं. एम्प्टीचं देता येत नाही. लागलंच तर छोट्या फंक्शनात गुंडाळून द्यायचं.

आता खरी मेख. समजा, दूध डेअरीचा फॉर्म आहे आणि कपातीच्या रकान्यात शेतकऱ्यानं 0 भरलं. एम्प्टीच्या लेखी 0 म्हणजे रिकामंच! फॉर्म म्हणणार, "रकाना भरा." बिचारा दहादा भरेल, तरी तेच. अशा ठिकाणी आधी इसेट वापरा, मग रिकाम्या स्ट्रिंगशी तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करा. काम झालं.

आणि ही यादी कायमची नसते बरं का. 2024 मध्ये आलेल्या 8.4 आवृत्तीत एक्झिट आणि डाय खरीखुरी फंक्शनं झाली. तेव्हा मॅन्युअल अधूनमधून चाळत जा. भेटू पुढच्या भागात!