पोराला ठरवू द्या



"आमचं पोर फार गुणी. सांगावं ते ऐकतं." असे आपण कौतुकाने म्हणतो. पण जरा विचार करा. सांगेल ते ऐकणारे पोर फक्त आपलेच ऐकेल काय? उद्या शाळेच्या वाटेवर एखादा मोठा मुलगा पुडी पुढे करील. "खा रे, काही होत नाही," म्हणेल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ सालच्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी पुडी पोरापर्यंत पोचतेच. तिथे आईबाप नसतात, मास्तर नसतात. तिथे पोराला स्वतःच ठरवावे लागते.

हे ठरवणे आयत्या वेळी येत नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येते का? तसेच हे. लहानपणापासून सवय हवी.

सुरुवात घरातच करा. तीन-चार वर्षांच्या पोराला विचारा, "हा सदरा घालतोस की तो?" दोनच गोष्टी पुढे ठेवा. दहा ठेवल्या तर ते गोंधळते. आणि दोन्ही आपल्याला चालणाऱ्याच ठेवा. त्याने बोट दाखवल्यावर "नको, दुसराच घाल" म्हणू नका. तसे केले, तर विचारलेच कशाला?

मात्र विस्तव, विहीर, औषध, वाहनांचा रस्ता, इथे पोराची निवड नाही. इथे आपलाच शब्द. पण कारण सांगावे. "मी म्हणतो म्हणून" हे काही कारण नव्हे.

जत्रेत दहा रुपये दिले. पोराने सगळ्याचा फुगा घेतला. तो फुटला. आता ते भेळेसाठी रडते. मारू नका, आणि लगेच दुसरी नोटही काढू नका. जवळ घ्या. "पुढच्या वेळी काय करशील?" एवढेच विचारा. फुटक्या फुग्याने दिलेला धडा दहा रुपयांत स्वस्तच पडला म्हणायचा.

ही गोष्ट शिकलेल्यांच्याच घरची, असे समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. १९५७ साली काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेले. महागडी खेळणी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधने. या पद्धतीत मूल आपले साधन आपण निवडते, आणि काम झाले की जागच्या जागी ठेवते. निवड आणि जबाबदारी अशी बरोबरच येते.

आणखी एक. पोर आपल्याकडे बघत असते. बाप तंबाखू मळता मळता "तू खाऊ नकोस" म्हणाला, तर पोर बापाचा हात बघते, तोंडचे शब्द नाही.

तर मंडळी, आज रात्री घरी गेल्यावर पोराला एक साधी गोष्ट ठरवू द्या. आणि ते ठरवील तोवर दोन मिनिटे गप्प बसा. ते गप्प बसणेच आपल्याला अवघड जाते. पण तेवढे जमले, की पुढचे पोर शिकते.