चित्र पुसलं, प्रोग्राम तिथंच राहिला

आज मला माझीच एक फजिती सांगायची आहे. गटाचे पैसे जाता जाता राहिले, म्हणून सांगते.

आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे. पुतण्याचा अभ्यास, लाइटबिल आणि आमच्या बारा जणींच्या गटाचा हिशोब, सगळं त्याच्यावरच. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्यानं कुठून तरी फुकटचा गेम उतरवला. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेला. मधेच एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती, ती काढायची राहिली. झालं, गेमसोबत 'कॉम्प्युटर फास्ट करून देतो' म्हणणारा एक प्रोग्राम घरात शिरला. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर लाल चौकोन: व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

मी केला फोन. काय गोड बोलणारा माणूस! "ताई, घाबरू नका, मी इथूनच दुरुस्त करतो," म्हणाला आणि माझ्याच हातानं आणखी एक प्रोग्राम टाकून घेतला. त्यावर आलेला आकडा विचारला, मी सांगितला, आणि माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. मग म्हणे, बँकेचं पान उघडा, फक्त दोन रुपये भरायचे आहेत. त्या दिवशी बायकांचे हप्ते माझ्याच खात्यात जमा झालेले होते, दुसऱ्या दिवशी गटाच्या खात्यात भरायचे होते. मागे सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, दुरुस्तीला बँक कशाला लागते?" मी मोबाईलचा हॉटस्पॉट बंद केला. बाण जागच्या जागी थांबला.

आता मी काय शहाणपणा केला ऐका. पडद्यावरची दोन्ही चित्रं निवडली, डिलीट दाबलं, आणि निश्चिंत झोपले. सकाळी लाल चौकोन पुन्हा हजर.

बायांनो, पडद्यावरचं चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घरातला माणूस जात नाही. शेतातली हरळी आपण वरून खुरपली तर आठ दिवसांत परत येते, तसंच हे. आणि माझ्याकडे तर तो दुरून चालवायचा प्रोग्रामही तसाच होता. इंटरनेट जोडलं की त्या माणसाला पुन्हा आत यायची वाट मोकळी.

मग नीट काढलं. इंटरनेट बंदच ठेवलं. आधी गटाच्या हिशोबाची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, तेवढीच, प्रोग्राम नाही. खाली स्टार्टच्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबलं की 'अ‍ॅप्स अँड फीचर्स' दिसतं, नव्या विंडोजमध्ये त्याला 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' म्हणतात. तिथं सगळ्या प्रोग्रामची यादी असते. ती तारखेप्रमाणे लावून घ्या. ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं ते वरच सापडतं. आधी दुरून चालवणारा काढा, मग बाकीचे, प्रत्येकावर 'अनइन्स्टॉल'. काही प्रोग्राम जाताना विनवण्या करतात. 'ठेवा'चं बटण मोठं हिरवं, आणि 'काढा' बारीक करड्या अक्षरात कोपऱ्यात. घाई न करता वाचा.

पण यादीतलं अनोळखी दिसेल ते सगळं काढू नका. उत्साहाच्या भरात मी आवाजाचा ड्रायव्हर काढला आणि कॉम्प्युटर चार दिवस मुका झाला. नाव कळलं नाही तर कागदावर लिहून जाणत्याला विचारा.

एवढ्यानंही मुळं राहतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उठणारे प्रोग्राम दिसतात. नको तो 'डिसेबल' करायचा. मग ब्राउझर. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं असतात, तिथून 'एक्स्टेन्शन्स' उघडून आपण न टाकलेलं काढायचं. माझ्याकडे तरीही कोपऱ्यात जाहिराती येत राहिल्या. त्या कुठल्याशा साइटला पुतण्यानं 'अलाउ' म्हटलं होतं म्हणून. सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स'मध्ये त्या साइटचं नाव होतं, ते काढल्यावर थांबल्या.

शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, इंटरनेट जोडलं आणि विंडोजमध्येच फुकट असलेल्या 'विंडोज सिक्युरिटी'तून 'फुल स्कॅन' लावला. बराच वेळ लागतो, तोवर स्वयंपाक उरकतो. सफाईसाठी वेगळा 'क्लीनर' उतरवू नका. आमच्याकडे दुखणं आलं ते तशाच प्रोग्राममधून.

बँकेचा पासवर्ड मात्र मी त्या कॉम्प्युटरवर नाही बदलला. सफाई सुरू करायच्या आधीच माझ्या मोबाईलवरून बदलला, आणि शाखेत जाऊन सगळं सांगितलंही. तुमच्यापैकी कुणाचे पैसे खरंच गेले असतील तर सफाईत वेळ घालवू नका, आधी 1930 वर फोन लावा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढं जाण्याआधी अडवता येण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं गटाला सांगितलं. लाज वाटत होती. सांगून झाल्यावर आमच्या खजिनदार हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर पण तो लाल चौकोन येतो गं." रविवारी तो लॅपटॉप घेऊन त्या आमच्याकडे येणार आहेत.