चाकाआधी माती

मातीकाम शिकायचं म्हटलं की नवशिक्याची नजर थेट फिरत्या चाकाकडे जाते. पहिला धडा मात्र चाकाचा नसावा, असं मला ठामपणे वाटतं. सातारा-सांगलीकडे आषाढातल्या बेंदराला मातीचे बैल पुजतात. पारंपरिक बैल चाकावर घडत नाही, बोटांनी घडतो. पाय नीट दाबून जोडला नाही तर सुकताना सांधा सुटतो, आणि जाड पोटात ओल राहिली तर भाजताना तिची वाफ होऊन बैल फुटतो. मातीचे दोन मूळ नियम एका बैलात शिकून होतात. शिवाय इकडची काळी माती ओली असताना फुगते, वाळताना तडकते. म्हणून कुंभार मातीत राख, लीद मिसळतात. हे मिश्रण हाताला कळल्याशिवाय चाक काय कामाचं?

कोणी म्हणेल, चाकाविना मुलं कंटाळतील, आणि हातकाम म्हणजे कच्चं काम. चाकाची ओढ खरी आहे. पण गोळा चाकाच्या मध्यावर आणायलाच नवशिक्याचे कित्येक दिवस जातात, बैल पहिल्याच दिवशी उभा राहतो. आणि कच्चं म्हणाल, तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सुमारे 3,000 वर्षांपूर्वी चाकावरची सुबक रंगीत भांडी होती, तरी साठवणीचे मोठे रांजण हातानेच घडवलेले होते. चाकावरून उतरलेलं मडकंसुद्धा आतून गोटा धरून बाहेरून थापटल्यावरच पुरतं आकाराला येतं. यंदाच्या बेंदराला साच्यातला प्लास्टरचा बैल आणण्याआधी मुलांना जवळच्या कुंभारवाड्यात न्या, आणि मूठभर मळलेली माती त्यांच्या हातात द्या.